न घेतलेले नाव

त्या बेटावर त्या दिवसांत सूर्य उशिरा उगवे.

म्हणजे सूर्य उगवे आपल्या वेळेलाच. पूर्वसागराच्या निळ्या ओठांवर केशर सांडीत, माडांच्या शेंड्यांना सोन्याची धार लावीत, खाडीतल्या तिवरांच्या मुळांत हळूच शिरत तो पूर्वीसारखाच येई. खोटी झाली होती ती घड्याळे. जेत्यांनी आपल्या दूरदूरच्या राजधानीची वेळ बेटावर लादली होती. म्हणून काटे पुढे धावत आणि सूर्य मागे राही. माणसे काळोखात कामाला जुंपली जात, आणि दिवे मालवण्याचा भोंगा होई तेव्हा पश्चिमेला अजून तांबूस उजेड रेंगाळत असे. आपण कोणत्या प्रहरात जगत आहोत, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

अंदमानचे ते बेट. घननीळ, लवणगंधी, वृक्षसंकुल. एका चैत्रात जपानी सैन्य तिथे उतरले, आणि मग बाहेरच्या जगाचे जहाज किनाऱ्याला लागले नाही. आधी साखर संपली. मग रॉकेल, मग कापड, मग तांदूळ. मीठसुद्धा समुद्राचे पाणी उकळून काढावे लागे. कोंबडे आरवेनासे झाले, कारण कोंबडे उरलेच नव्हते. उरली होती रताळी, उरले होते नारळ, आणि उरली होती भीती. तिला मात्र बाराही महिने बहर असे.

सुपारीटेकाड ही बंदरापलीकडची उतारावरची वस्ती. लाकडी खांबांवर उभी घरे, त्यांवर झावळ्यांची छपरे, आणि घरांमागे काळेशार, ओलेकंच अरण्य. इथल्या माणसांचे आजे-पणजे बेड्या खुळखुळवीत या किनाऱ्यावर उतरले होते. कोणी मलबारचा, कोणी ब्रह्मदेशाचा, कोणी पंजाबचा. शिक्षा सरल्यावर ते इथेच रुजले. समुद्राने त्यांच्या जातीपाती धुऊन नेल्या, अपराध धुऊन नेले, आणि नातवंडांच्या तोंडी एक मिश्र, खारट, गोड हिंदुस्तानी ठेवली. दोन घरांत मात्र चूल पेटताना मराठी ऐकू येई. एक घर दौलत मास्तरांचे, दुसरे तातू नाखव्याचे. दोघांचेही आजे रत्नागिरीकडचे. एकाच जहाजातून, एकाच साखळीतून आलेले. नातू एकाच पाटीवर अक्षरे गिरवीत वाढले. पुढे एकाने खडू धरला, दुसऱ्याने वल्हे.

सुंदरा ही दौलत मास्तरांची बायको. सावळी, शेलाटी, शब्दकृपण. नवऱ्याचे नाव तिने कधी घेतले नव्हते. लग्नातल्या उखाण्याच्या वेळीही तिने पदरात तोंड लपवले होते, आणि बायकांनी चिडवून चिडवून शेवटी नाद सोडला होता. सारे त्यांना मास्तर म्हणत, तीही मास्तरच म्हणे. पण भाकरी थापताना, विहिरीतून कळशी ओढताना, लेकीची वेणी घालताना ते नाव तिच्या ओठांच्या आत सतत फिरत असे. शिंपल्यात मिटलेल्या पाण्यासारखे.

त्या वर्षी बेटावर एक अफवा हिंडू लागली. कोणीतरी किनाऱ्यावरून इंग्रजांच्या बोटींना दिवा दाखवतो म्हणे. दिवा कोणी पाहिला नव्हता, बोट कोणी पाहिली नव्हती. पण शिपाई तो दिवा शोधीत घराघरांत शिरले, आणि दिवा सापडेना म्हणून माणसे नेऊ लागले.

तातूकडे मासे धरायचा कंदील होता. तेवढे पुरले. एके सकाळी जाळे विणता विणता त्याला उचलले. त्याची म्हातारी आई, काशीआक्का, शिपायांच्या मागून घाटापर्यंत धावत गेली आणि जाळ्याचे तुटके टोक हातात घेऊन परत आली.

मग, दोन-चार दिवसांनी, ते शाळेत आले.

शाळेत त्या वेळी मुले पाढे म्हणत होती. बुटांचा आवाज व्हरांड्यात चढला, तशी मुलांची स्वरमाला अडखळली. मास्तरांनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. हाताची भुकटी झटकली. मुलांना म्हणाले, थांबू नका, म्हणत राहा. आणि ते बाहेर पडले. मुले भ्याली होती, पण मास्तरांचे ऐकण्याची सवय भयाहून जुनी होती. ती म्हणत राहिली. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. उतारावरून मास्तरांची पांढरी टोपी दिसेनाशी झाली, गाडीची धूळ बसली, तरी त्या गुरुहीन शाळेतून पाढा येतच राहिला. मुले रडत होती आणि म्हणत होती. सुंदरा धावत पोहोचली तेव्हा तिला भेटला तो एवढा आवाज.

त्यानंतर शाळेत सैन्याची तांदळाची पोती रचली गेली. दाराला कुलूप लागले. पण वारा खाडीवरून वळला की त्या कुलूपबंद भिंतींमधून सुंदराला पाढा ऐकू येई. मंद, ओला, रडवेला. ती हातातले काम थांबवून उभी राही. लेक विचारी, काय गं आई? ती म्हणे, काही नाही, वारा आहे.

बंदराच्या टेकडीवर तो सप्तबाहू तुरुंग उभा होता; नेलेली माणसे तिथेच कोंडीत. तिथे काय चालते ते कोणी सांगत नसे आणि प्रत्येकाला ठाऊक असे. बायका टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसत. वर जायची परवानगी नव्हती. त्या नुसत्या भिंतींकडे बघत बसत. बघून बघून भिंतींना जणू डोळे फुटत. पाऊसकाळ आला, गेला. भिंती हिरव्या झाल्या, पुन्हा काळ्या झाल्या. मास्तरांची काही वार्ता आली नाही. मेले असे कोणी म्हणाले नाही, जिवंत आहेत असेही कोणी म्हणाले नाही.

सुंदराचे कपाळ त्या दोन वाक्यांच्या मध्ये अडकले. कुंकू तर बेटावर कधीचेच सरले होते. तिच्या अंगणात पडौकाच्या झाडाचा एक ओंडका पडून होता. रक्तवर्ण, सुगंधी, त्या अरण्याचे लाल काळीज. त्याचा तुकडा ती रोज सहाणेवर उगाळी आणि त्या लाल गंधाचा टिळा लावी. पाणवठ्यावर बायका तिच्या कपाळाकडे बघत आणि चटकन नजर पाण्यात टाकीत. त्यांच्या त्या नजरेनेच तिला जाळले. टिळा लावला तर वाटे, आपण मेलेल्याला खोटे बोलतो आहोत. पुसायला हात उचलला तर वाटे, आपणच त्याला मारतो आहोत.

अशात एक दिवस तातू परत आला.

घाटावरून तो चढून आला तेव्हा कोणी त्याला ओळखले नाही. गेला होता तो वेळूच्या बेटासारखा भरघोस माणूस; आला ती त्याची वाळलेली काठी. हाताच्या बोटांना नखे नव्हती. आईने पुढे केलेली पेज त्याने घेतली, प्यायला, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. वस्ती त्याच्या दाराशी जमली आणि न बोलता पांगली. कारण साधे होते. तातूला आधी नेले होते, मास्तरांना नंतर. तातू आला होता, मास्तर आले नव्हते. या दोन गोष्टींची बेरीज करायला कोणाला शाळेत जावे लागत नव्हते.

सुंदराने ती बेरीज केली. पण उत्तर तिला त्याच्या तोंडून हवे होते.

काशीआक्काने हे ओळखले. ती एका दुपारी सुंदराच्या ओसरीवर येऊन बसली. म्हातारीने आधी उन्हाच्या गोष्टी काढल्या, गुडघ्यांच्या काढल्या. मग तिने सुंदराचा हात आपल्या हातात घेतला. म्हातारीचा हात झाडाच्या सालीसारखा खरखरीत होता.

"सुंदरे, त्याला काही विचारू नकोस. विचारलंस तर तो सांगेल. आणि सांगितलं तर तो जगायचा नाही."

"आणि मी, आक्का?" सुंदरा म्हणाली. "ते कळल्याशिवाय मी कशी जगू?"

म्हातारी उठली, आणि जाताना सुंदराच्या लेकीच्या, बकुळच्या, डोक्यावरून हात फिरवून गेली.

भूक वाढत गेली. बकुळचे डोळे चेहऱ्याहून मोठे दिसू लागले. सुंदराला सैन्याच्या धावपट्टीवर दगड वाहायला जावे लागे. घरी आली की कंबर वाकत नसे, आणि घरामागचा मळा रानगवताने भरून गेला होता. मग एका पहाटे ती उठली तर मळ्यातले गवत उपटलेले. दुसऱ्या पहाटे वाफे ओढलेले. पुढे रताळ्यांचे वेल लावलेले दिसले. आणि वेल धरण्याआधीच पायरीवर कुठून तरी आणलेली रताळी येऊ लागली. धुतलेली, पानात बांधलेली, निःशब्द.

कोण ठेवते हे तिला ठाऊक होते. वाफ्यांच्या ओल्या मातीत बोटांचे ठसे होते, आणि त्या ठशांना नखे नव्हती.

पहिल्या दिवशी तिने ती रताळी उचलून उकिरड्यावर फेकली. बकुळ गुपचूप गेली, आणि उकिरड्यावरून ती वेचून, कच्चीच, मातीसकट खाऊ लागली. सुंदराने ते पाहिले. तिने लेकीच्या हातून रताळे ओढून घेतले, धुतले, उकडले, आणि आपल्या हाताने तिला भरवले. ती स्वतः त्यातला घास घेत नव्हती. पुढे तेही जमेना. नवऱ्याच्या रक्ताची शंका ज्याच्यावर, त्याच्याच हातचे अन्न तिच्या घशाखाली उतरू लागले. त्या गोड कंदाची चव तिला दिवसभर जिभेवर राखेसारखी लागे.

म्हणून ती गेली.

तातू त्या वेळी किनाऱ्यावर मीठ काढीत होता. दुपार टळली होती. समुद्र वितळलेल्या शिशासारखा जड, निस्तरंग पडला होता. तीन दगडांवर पत्र्याचा डबा, डब्यात उकळते खारे पाणी, आणि वाफेपलीकडे उकिडवा बसलेला तो माणूस. तिची सावली डब्यावर पडली तसा तो उभा राहिला नाही, पळालाही नाही. आपली नखहीन बोटे त्याने मांड्यांखाली लपवली.

"भावजी," ती म्हणाली, "मास्तरांचं नाव तुम्ही घेतलंत का?"

पाणी उकळत राहिले. डब्याच्या काठाशी मिठाची पहिली पांढरी रेघ उमटली.

"घेतलं, वहिनी."

मग त्याने सांगितले. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, समुद्राकडे बघत होता. तुरुंगात शिपाई एकच विचारीत होते, तुझ्याबरोबर आणखी कोण? कोणीच नव्हते. दिवाच नव्हता, तर बरोबर कोण असणार? पण कोणी नाही, हे उत्तर त्यांना नको होते. शेवटी दुखण्याला तोंड फुटले आणि त्या तोंडातून जे नाव सगळ्यांत जवळ होते तेच बाहेर पडले. लहानपणापासून अडचणीत तो हेच नाव हाकारीत आला होता. झाडावर अडकला तेव्हा, बुडू लागला तेव्हा. त्याने नाव सांगितले नाही. त्याने हाक मारली, आणि ती त्यांनी लिहून घेतली.

सुंदरा उभीच होती. जे नाव आपण आयुष्यभर ओठांआड जपले, ते याने हाक मारून मृत्यूला ऐकवले. तिला वाटले, डब्यातले ते उकळते पाणी याच्या अंगावर ओतावे. तिचा हात डब्याच्या दिशेने गेलाही. तातूने तो हात पाहिला, पण जागचा हलला नाही.

"मास्तरांना कळलं?" तिने विचारले.

कळले होते. दोघांना एकदा समोरासमोर उभे केले होते. मास्तरांचा एक डोळा सुजून मिटला होता. उघड्या डोळ्याने त्यांनी तातूकडे पाहिले आणि मराठीत म्हणाले होते, तू आधी सापडलास, एवढंच. मला आधी नेलं असतं तर मी तुझं घेतलं असतं. शिपायाने विचारले, हा काय म्हणाला? तातू म्हणाला, शिव्या देतो आहे.

हे खरे होते, की तातूने स्वतःला जगवण्यासाठी रचले होते, कोण जाणे. पण सुंदराला त्या शब्दांत तो ओळखीचा, संथ, खडूच्या भुकटीचा आवाज ऐकू आला. मास्तर असेच बोलत. चुकलेल्या मुलाला ते असेच जवळ घेत.

शेवटचे तिने विचारले तेव्हा तिचा स्वर इतका खाली गेला, की तो त्या वाफेतच विरला असता. तातूने तो ऐकला. अरण्याच्या कडेला एक चढण होती, तिथे पुष्कळांना नेले. गोळ्या झाल्या. नंतर माती लोटायला तुरुंगातून काही कैदी नेले, त्यांत तातू होता. खड्ड्यात, कडेला मास्तर होते.

"माती ओढण्याआधी मी खाली उतरलो, वहिनी. कमरेचा पंचा सोडला, आणि त्यांच्या तोंडावर घातला. त्यासाठी मार खाल्ला. पण डोळ्यांत माती जाऊ दिली नाही."

"तोंड झाकलंत?"

"झाकलं."

सुंदरा पाण्याकडे वळली. गुडघाभर पाण्यात जाऊन तिने ओंजळ भरली आणि कपाळाला लावली. पडौकाचा लाल रंग नाकाच्या शेंड्यावरून ओघळला, हनुवटीवरून टपकला, आणि त्या अथांग निळाईत क्षणभर एक गुलाबी धूर होऊन तरंगला. मग तोही गेला. कितीएक महिने सधवा आणि विधवा या दोन किनाऱ्यांमध्ये हेलकावणारी ती होडी अखेर एका किनाऱ्याला लागली. तो किनारा ओसाड होता, पण पायांखाली जमीन होती. ती रडली. तिथे, त्याच्यादेखत, पाण्यात उभी राहून, मोठ्याने.

रडून झाल्यावर ती परत आली आणि पदराने तोंड पुसले.

"उद्यापासून पायरीवर चोरासारखं काही ठेवू नका," ती म्हणाली. "उजेडात या. दारातून या. मला तुमचं तोंड दिसलं पाहिजे, आणि तुम्हाला माझं."

ती क्षमा होती की शिक्षा, ते तिलाही कळले नव्हते. बहुधा दोन्ही एकाच पानात बांधलेले होते. तातू येऊ लागला. रोज, उजेडात, दारातून. तो रताळी ठेवी, ती त्याच्याकडे बघे, तो तिच्याकडे बघे, आणि ते बघणे त्याला तुरुंगाहून जड जाई. पण तो एक दिवसही चुकला नाही. काशीआक्का आपल्या ओसरीवरून हे पाही, आणि तो घरी परतेपर्यंत तिथून हलत नसे. मुलगा जगला. भुकेच्या त्या शेवटच्या, भीषण वर्षात म्हातारी मात्र मेली. सरणाला लाकूड वाहायला सुंदरा गेली होती.

मग एका शरदात युद्ध संपले. बंदरात इंग्रजांची जहाजे आली. तांदूळ आला, कापड आले, घड्याळे मागे फिरवली गेली. आणि जहाजांबरोबर चौकशी आली. खुर्च्या मांडल्या गेल्या, मेजे मांडली गेली. कोणी कोणाला पकडून दिले, ते सांगा, असा पुकारा झाला. वस्तीने एकमेकांकडे पाहिले आणि मग साऱ्यांनी सुंदराच्या घराकडे पाहिले.

तिला बोलावणे आले. मेजामागे एक गोरा, तरुण, थकलेला अधिकारी होता. शेजारी एक हिंदुस्तानी दुभाषी. बाहेर दाराच्या चौकटीपलीकडे, उन्हात, तातू उभा होता. त्याला कोणी आणले नव्हते. तो आपण होऊन आला होता, आणि वाट बघत होता.

दुभाष्याने विचारले, तुझ्या नवऱ्याचे नाव काय?

आयुष्यात प्रथम सुंदराने ते शिंपल्यातले पाणी उघड्या हवेत सांडले.

"दौलत," ती म्हणाली.

ते तिच्या आवाजात इतके नवे, इतके कोवळे वाटले, की अधिकाऱ्याने मान वर करून पाहिले. बाहेर तातूने डोळे मिटून घेतले. दुभाष्याने पुढचा प्रश्न केला. दौलत मास्तरांचे नाव शिपायांना कोणी सांगितले? तिला ठाऊक असेल तर तिने सांगावे. आता भिण्याचे कारण नाही. ज्याने सांगितले त्याला शासन होईल.

माशी काचेवर आपटत होती. तिला तेच ऐकू आले, जे टेकडीवरच्या त्या भिंतींमध्ये तातूने ऐकले होते. आणखी कोण? नाव सांग. खुर्ची बदलली होती, गणवेश बदलला होता, आवाज सौम्य झाला होता; भूक तीच होती. आणि नाव तर तिच्या जिभेवर तयार होते. एक श्वास, दोन अक्षरे. नखे नसलेली ती बोटे तिला दिसली. पंचा सोडणारी, तोंड झाकणारी, माती लोटणारी, वाफे ओढणारी. तिला दया आली असे नाही. राग गेला असेही नाही. पण आपल्या तोंडून आणखी एक माणूस त्या चढणीकडे चालू लागेल, हे तिला सोसवेना.

"कोणी नाही," ती म्हणाली. "दिवाच नव्हता, साहेब. नाव कोण सांगणार?"

दुभाष्याने ते इंग्रजीत सांगितले. अधिकाऱ्याने ते लिहून घेतले, आणि पुढच्या माणसाला बोलवायला सांगितले.

ती बाहेर आली. तातूला काही बोलायचे होते. तिने ते विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, की आता ती जागा दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिघे चढण चढली. पुढे तातू, मागे बकुळचा हात धरून सुंदरा. अरण्याच्या कडेला पोहोचल्यावर तो थांबला. तिथे काही नव्हते. ना दगड, ना उंचवटा. छातीएवढे गवत वाढले होते. हरितश्यामल, दवार्द्र, दाट, आणि त्यावर फुलपाखरांचा एक पिवळा थवा निश्चिंत उडत होता. सुंदराने गवतात हात घातला, थेट मातीपर्यंत. माती उबदार होती. ती तिथे बसून राहिली, आणि त्या मातीशी ते नाव एकदा बोलली, पुन्हा बोलली, पुन्हा बोलली. साऱ्या संसाराची बाकी राहिलेली हाक तिने एका सकाळी पुरी केली. तातू दूर उभा होता, पाठ करून.

ऊन चढले. बकुळला झोप येऊ लागली. तातूने विचारले नाही, सुंदराने सांगितले नाही. पण त्याने खाली वाकून पोरीला उचलले आणि ती त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली. मग ती सारी उतरू लागली. वारा पडला होता. खाली समुद्र, वर आभाळ, मध्ये तो पिवळसर हिरवा उतार. उतारावर सावल्या तिघांच्या पडत होत्या. आणि गवत वाकत होते, हळूहळू, पावलामागून पाऊल, मास्तरांसह चौघांच्या चालीने.